कोटींचा आकडा छापू नका, बांधावरची तार छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

खवले मांजर (पँगोलिन) पकडल्याच्या बातमीचा साचा ठरलेला असतो. बनावट गिऱ्हाईक, महामार्गालगत रचलेला सापळा, तिघे-चौघे ताब्यात, समोर पोत्यात प्राणी आणि मागे ओळीने उभे अधिकारी. मथळ्यात मात्र आकडा. मांडूळ असो, बिबट्याचे कातडे असो, की समुद्र सोडून घाट चढून सांगलीपर्यंत आलेली व्हेलची उलटी असो, हा आकडा लाखांच्या खाली सहसा उतरत नाही. या पत्राचे पहिले कारण तो आकडाच आहे.

तो येतो कुठून? कांद्यासारखा खवल्यांचा भाव कुठल्या बाजार समितीच्या फळ्यावर निघत नाही. पकडलेल्या माणसाने बनावट गिऱ्हाइकाला जे सांगितले तेच जप्तीच्या पत्रकात उतरते आणि पत्रकातून मथळ्यात येते. त्या माणसाला तो भाव आधीच्या मध्यस्थाने सांगितलेला असतो, आणि मध्यस्थाने तो बहुधा जुन्या एखाद्या बातमीतच वाचलेला असतो. या फेऱ्याचा परिणाम गावात दिसतो. रात्री रस्ता ओलांडताना किंवा उसाच्या फडात खवले मांजर दिसले, तर पूर्वी लोक बाजूला होऊन त्याला जाऊ देत. आता एखादा पोरगा ते पोत्यात घालतो, मोबाइलवर व्हिडिओ काढतो आणि ‘पार्टी’ शोधायला लागतो. पार्टी बहुतेक वेळा नसतेच. असतात ते मध्यस्थावर मध्यस्थ, प्रत्येकाने आपला आकडा वर चढवलेला. तोवर पोत्यातला प्राणी मरणाला टेकतो. मुंग्या आणि वाळवी खाऊन जगणारे हे जनावर दूध-भाकरीवर तगत नाही. पोत्यातल्या उष्म्याने आणि भीतीनेही ते खचते. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते, त्यामुळे एक मादी गेली तरी त्या डोंगराचे नुकसान भरून यायला वर्षे लागतात.

ज्या खवल्यांसाठी हा सगळा खटाटोप, ते केराटिनचे असतात. आपली नखे आणि केस ज्याचे, त्याचेच. जगातल्या आठही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१६ साली वन्यजीवांच्या व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या जोहान्सबर्ग परिषदेत बंद करण्यात आला. मांडुळाची गोष्ट तर याहून पोकळ. शेपटी बोथट असते ती शत्रूने डोके समजून तिच्यावर झडप घालावी म्हणून. त्या शेपटीलाच लोक दुसरे तोंड समजतात. ‘हाथाजोडी’ नावाची मुळी पूजेच्या साहित्यात विकली जाते, ती प्रत्यक्षात घोरपडीच्या नराचे वाळवलेले जननेंद्रिय असते. ज्यांच्या देव्हाऱ्यात ती आहे, त्यांना हे एकदा स्पष्ट सांगायला हवे.

तेव्हा किंमत गाळावी आणि त्या जागी शिक्षा छापावी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यातली शेवटची मोठी दुरुस्ती २०२२ ची, लागू झाली १ एप्रिल २०२३ पासून. अनुसूची १ मधल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीतल्या, प्राण्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. खवले मांजर, बिबट्या, गवा, घोरपड हे सगळे त्याच अनुसूचीत येतात. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या हद्दीतल्या शिकारीलाही हीच शिक्षा. कलम ३९ प्रमाणे शिकारीत वापरलेली आणि जप्त झालेली गाडी सरकारची मालमत्ता होते. हप्ते फिटायचे राहिलेली मोटारसायकल जाते, हे वाक्य कोटीच्या आकड्यापेक्षा गावात जास्त कान देऊन ऐकले जाईल.

आता मुद्द्याचे. खवले मांजर हा मथळ्याचा प्राणी झाला. गाजावाजा न होता आपल्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत जीव घेत असते ती फासकी, म्हणजे जनावराच्या वाटेत लावलेला तारेचा फास. मोटारसायकलच्या क्लचची नाहीतर ब्रेकची जुनी केबल, किंवा कुंपणाची जीआय तार. गॅरेजच्या दारात फुकट पडलेली. कऱ्हाड, वाळवा, शिराळ्याच्या ऊसपट्ट्यात ती बांधावर, ओघळीच्या तोंडाशी, कुंपणाला पडलेल्या भगदाडात लावलेली असते. लावणारा रानडुकराचे नाव सांगतो. तार नाव विचारत नाही. भेकर, साळिंदर, उदमांजर, शेजाऱ्याचे कुत्रे, बिबट्या, त्या वाटेने जो येईल तो अडकतो. आणि डुक्कर अनुसूची १ मध्ये मोडत नाही म्हणून सुटका नाही: तेही अनुसूची २ मध्ये आहे आणि विनापरवाना त्याची शिकार हा गुन्हाच आहे. जिवंत नागांच्या नागपंचमीमुळे बत्तीस शिराळ्यात हा कायदा पोराटोरांना ठाऊक आहे, पण तोच कायदा बांधावरच्या तारेलाही लागतो हे तिथेही समजावून सांगावे लागते.

ऊसतोड नोव्हेंबरात सुरू होते. फड जसजसे मोकळे होतात तसतशी जनावरे उरलेल्या उभ्या उसात गोळा होतात, आणि फासक्याही त्याच फडांभोवती वाढतात. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये शेवटचे राहिलेले फड आधी बघावेत. जंगलकडेच्या गावांत पावसानंतर गवत वाळू लागले की एक फेरी आणि उन्हाळ्यात पाणवठ्यांभोवती दुसरी.

शोधायची रीत अशी. पाच ते आठ जण, एकमेकांत तीन-चार मीटर अंतर, कुंपणाच्या किंवा ओढ्याच्या रेषेने. सकाळचे तिरपे ऊन असताना, कारण तेव्हा तार चमकते. जुनी गंजलेली तार मात्र चमकत नाही, म्हणून नुसती तार शोधत चालू नये. गुडघ्याच्या उंचीवर नजर ठेवून वाकून चालावे आणि माणसाच्या हाताच्या खुणा बघाव्यात: नव्याने तोडलेल्या फांद्या, जनावराला एकाच फटीकडे वळवण्यासाठी काट्याकुट्यांची घातलेली ठेंगणी वई, कारण नसताना ठोकलेली खुंटी. एक फासकी सापडली की दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास मीटर बारकाईने बघावे, कारण त्या एकट्या सहसा नसतात. कधी फासकी सापडत नाही, पण एखाद्या बुंध्याभोवती माती गोल उकरलेली दिसते, बुंध्याची साल हात-दीड हात उंचीपर्यंत सोललेली असते आणि तुटक्या केबलचे चार धागे लोंबत असतात. याचा अर्थ जनावर तार तोडून गेले आहे, तारेसकट. तिथे शोध थांबवायचा नाही. तिथून पुढे तो जनावराचा शोध होतो.

सापडलेली फासकी उपटून झुडपात भिरकावणे ही सर्रास होणारी चूक. एक तर पुरावा जातो, दुसरे म्हणजे फेकलेली फासकी कुणीही उचलून पुन्हा लावतो. आधी लांबून एक आणि जवळून एक असे फोटो, शेजारी काडेपेटी किंवा पेन ठेवून. मोबाइलवर ठिकाण नोंदवायचे, शेताचा गट नंबर लिहून घ्यायचा. मग बीटच्या वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवायचे. काढायचे काम पंचनाम्यानंतर, हातमोजे घालून, आणि काढल्यावर फास पक्कडीने तोडायचा, नुसता सोडवून ठेवायचा नाही. अभयारण्याच्या हद्दीत ही फेरी वनरक्षकाबरोबरच घालावी. हौसेने एकटे आत शिरणे हाही गुन्हा ठरू शकतो.

अडकलेल्या बिबट्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे चांगल्या मनाने केलेली मदत त्याचा जीव घेते. तार बहुधा कमरेत बसते. बिबट्या पुढे झेप घेतो, फास आवळतो. मागे सरला तरी सैल होत नाही, केबलचे पीळ एकमेकांत रुतलेले असतात. वरून बघणाऱ्याला जखम दिसतच नाही, केसांखाली तार गेलेली असते. आत मात्र आतडे, मूत्राशय, कणा यांना मार बसलेला असतो. तासन् तास झटापट केल्याने स्नायूंचे तंतू फाटतात, त्यातले मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे बंद पडू लागतात. लघवी काळपट, कॉफीच्या रंगाची होते. अशा वेळी कुणीतरी धाडस करून तार कापतो, बिबट्या धूम पळतो, टाळ्या पडतात, व्हिडिओ फिरतो. दोन-चार दिवसांनी शेजारच्या फडात तो मेलेला सापडतो, आणि तोवर टाळ्या वाजवणारे घरी गेलेले असतात.

म्हणून तार कापायची नाही. शंभर मीटरच्या आत माणूस नको. गर्दी जितकी जवळ तितकी झटापट जास्त, आणि झटक्यात तार तुटली तर बिबट्या गर्दीतच येतो. पाणी ओतू नये, ताडपत्री फेकू नये, ट्रॅक्टरची हेडलाइट लावू नये. वाट कुठली, आडोसा कुठे, तार कशाला बांधली आहे, तो मागचे पाय टेकतो का, एवढे लांबून बघून फोनवर सांगितले तर येणाऱ्या पथकाचा अर्धा तास वाचतो. भूल देऊन सोडवल्यावर त्याला पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली ठेवावेच लागते. ‘तब्येत ठणठणीत, लगेच सोडा’ असा आग्रह गावकरी धरतात, पुढारी धरतात, आणि खरे सांगायचे तर पत्रकारही धरतात, कारण सोडतानाचा फोटो हवा असतो.

याच तारेचा संबंध वाघाशी आहे. कोयना अभयारण्य (१९८५) आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान (२००४) मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर. आता ताडोबातली वाघीण चांदोलीत आणण्यापर्यंत मजल गेली आहे. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरे लागतात, म्हणजे आठवड्याला एक. ती भेकर, सांबर, गव्याची वासरे आणि रानडुकरे यांतूनच यायची. प्रकल्पालगतच्या मणदूर-आरळ्याच्या बाजूने किंवा बामणोलीच्या खोऱ्यात लागलेली फासकी वाघाला लागली नाही तरी त्याच्या ताटातले काढून घेते. ताट रिकामे झाले की वाघ खाली येतो, गोठ्याकडे वळतो, आणि मग गावात फासक्या आणखी वाढतात. गाजावाजा करून वाघ आणायचा आणि बांधावरची तार तशीच ठेवायची, हे चाळणीत पाणी भरण्यासारखे आहे.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. शिकारीची बातमी आली की बोट चटकन एका जमातीकडे जाते. तिच्या नावातच ‘फासे’ आहेत ना. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, तो १९५२ साली पुसला गेला. ऊसपट्ट्यातल्या बांधावरची तार बहुतेक वेळा बांधाच्या मालकाची किंवा त्याच्या माहितीतल्या कुणाची तरी असते. तपास तिथून सुरू केला तर लवकर संपतो.

करंटचे प्रकरण फासकीहून भयंकर. शेतीपंपाच्या लाइनवरून उघड्या तारेत सोडलेला करंट डुकराबरोबर म्हैस मारतो, बिबट्या मारतो, आणि पहाटे पाणी धरायला निघालेला शेजारीही मारतो. लोकांचा समज असा की ‘काही झाले तर डीपीचा फ्यूज उडेल’. तो उडत नाही, आणि का उडत नाही हे समजून घेतले पाहिजे. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या शरीराचा रोध ढोबळपणे हजार ओम धरला तर २३० व्होल्टला त्यातून पाव अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह जातो. हृदय बंद पाडायला त्याच्या निम्माही पुरतो. डीपीच्या फ्यूजला मात्र पाव अँपिअर म्हणजे खिजगणतीतही नाही; तो त्याच्या शेकडोपट प्रवाहाची वाट बघत बसतो. हा प्रवाह ओळखणारे यंत्र म्हणजे ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, आणि लाइनवर चोरून आकडा टाकणारा तो बसवत नसतो, हे सांगायला नको.

११ केव्हीच्या लाइनवर टाकलेला आकडा मात्र खूण ठेवून जातो. जनावर चिकटले की जमिनीकडे प्रवाह जातो आणि उपकेंद्रात फीडर, म्हणजे त्या भागाला वीज देणारी लाइन, ट्रिप होतो. ऑपरेटर थोड्या वेळाने तो पुन्हा चालू करतो आणि वेळ लॉगबुकात लिहितो. वारा नाही, पाऊस नाही, आणि तरी रात्री अकरा ते पहाटे चारच्या दरम्यान एकच फीडर पुन्हा पुन्हा क्षणभर पडत असेल, तर सकाळी त्या लाइनखालून चालत जायला हवे. महावितरणने ही नोंद दर आठवड्याला वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयाला द्यावी. नवे यंत्र नको, नवे पद नको, एक फोन पुरतो. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली चोरीचा गुन्हा वेगळा लागतो. माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचाही.

शेतकऱ्याची बाजू सोडून चालणार नाही. डुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचे रान नांगरल्यासारखे करून टाकतो. नुकसानीचा अर्ज तीन दिवसांच्या आत करायचा असतो, हेच अनेकांना चौथ्या दिवशी कळते. पिकाचे फोटो, सातबारा आणि ठशांचा एक जवळचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा. गुरांनी खाल्ले असा शेरा पडतो तो ठसे पुसले गेल्यामुळे. सौर कुंपणाला वनविभागाच्या जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते. पण अनुदानाच्या कुंपणाबद्दल ‘सोलरला डुक्कर जुमानत नाही’ अशी तक्रार सर्रास ऐकू येते. जुमानत नाही ते कुंपण चुकीचे लावल्यामुळे.

डुक्कर उडी मारत नाही, नाकाने उचकटून खालून शिरते. त्यामुळे पहिली तार जमिनीपासून वीसेक सेंटिमीटरवर आणि दुसरी पंचेचाळीसच्या आसपास हवी. हात-हात उंचीवर लावलेल्या तारा गुरांसाठी ठीक, डुकरासाठी व्यर्थ. दुसरी चूक अर्थिंगची. डोंगरउतारावरच्या मुरमात एकच लहान सळई ठोकली की एनर्जायझर (तारेत झटका सोडणारे यंत्र) टकटक करत राहतो आणि तारेत जोर नसतो, कारण झटका जनावराच्या पायातून जमिनीतून परत यायला वाटच नाही. मीटरभर खोल तीन सळया, एकमेकींपासून तीन मीटरवर, ओलीच्या जागी. उन्हाळ्यात त्यांच्या बुडाशी पाणी ओतावे. तिसरी चूक गवताची. पावसाळ्यात खालच्या तारेला गवत टेकले की सगळा जोर गवतातून जमिनीत जातो. कुंपणाच्या रेषेतले गवत दर पंधरा दिवसांनी काढले नाही तर यंत्र कितीही महाग असो, उपयोग शून्य. पॅनेलवर उसाची सावली पडते, बॅटरीतले पाणी आटते, हेही नेहमीचे. व्होल्टमीटरने कुंपणाच्या लांबच्या टोकाला मोजावे: चार हजार व्होल्टच्या खाली आले की डुक्कर केसाळ कातडीवर झटका झेलून आत येते. हजारो व्होल्ट ऐकून घाबरू नये. झटका सेकंदाला एक, तोही सेकंदाच्या अगदी अल्पांशाचा, म्हणून तो मारत नाही, हुसकावतो. नेमके इथेच घात होतो: यंत्र बिघडले, दुरुस्तीला महिना लागला, की तीच तार कुणीतरी घरच्या लाइटला जोडतो. दुरुस्ती तालुक्याच्या गावी दोन दिवसांत होईल अशी सोय अनुदानाइतकीच महत्त्वाची आहे.

गावठी बॉम्ब आणि विष यांबद्दल थोडक्यात. बांधावर, पाणंदीत कणकेचा किंवा चरबीचा, दोऱ्याने गुंडाळलेला लिंबाएवढा गोळा दिसला तर हात लावू नये, बादलीत टाकू नये, काठीने उलटवू नये. पोरांना आणि कुत्र्यांना लांब करून ११२ वर पोलिसांना कळवावे. डुकराच्या तोंडात फुटला तर जबडा जातो आणि ते लगेच मरत नाही, उपाशी राहून आठवड्याने मरते. म्हणजे लावणाऱ्यालाही सापडत नाही. विषाची खूण वेगळी. मेलेल्या जनावराभोवती माश्याही मेलेल्या दिसल्या, जवळ कावळा किंवा तरस पडलेले दिसले, तर ते मढे विषारी समजावे आणि उघड्यावर ठेवू नये, नाहीतर खाणारे एकेक करून मरत जातात.

इतके करून आरोपी सापडतो आणि काही वर्षांनी निर्दोष सुटतो. का? बहुतेक वेळा पहिल्या तासातल्या कामामुळे. पंचनाम्यात ‘पाच किलो मांस’ एवढेच लिहिलेले असते. कशाचे, कुठल्या गटात, कशावर मोजले, सील कुणाच्या मोहोरेचे, काही नाही. ‘भेकराचे मांस’ असे ठाम लिहिणेही चूक, कारण ते प्रयोगशाळेने सांगायचे. ‘भेकरसदृश’ लिहून नमुना पाठवावा. डीएनएसाठी हरभऱ्याएवढे तुकडे शुद्ध इथेनॉलमध्ये, द्रव तुकड्यांच्या किमान पाचपट. फॉर्मेलिनमध्ये घातले की डीएनए खराब होतो. विषाची तपासणीही त्याने बिघडते. ओले मांस प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवले तर तिसऱ्या दिवशी पुरावा नव्हे, नुसता वास उरतो. शिजवून टाकले म्हणून हात झटकायचे कारण नाही. रश्श्यातल्या तुकड्यावरूनही डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा हैदराबादची सीसीएमबी जात ओळखू शकते. भांडी घासलेली असतात, पण मांस तोडायच्या लाकडी ओंडक्याच्या चिरांत आणि कोयत्याच्या मुठीच्या फटीत रक्त राहते. ओंडका अनेकदा जागेवरच सोडून दिला जातो, कारण तो जड असतो!

दुसरी फट कागदाची. या कायद्याखाली न्यायालय दखल घेते ती कलम ५५ प्रमाणे अधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवर. नुसती पोलिसांची फिर्याद टिकत नाही. जबाब सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकृत अधिकाऱ्याने कलम ५०(८) खाली आरोपीसमोर नोंदवला तर तो खटल्यात पुरावा म्हणून चालतो. पोलीस कोठडीतला कबुलीजबाब चालत नाही. शिकारीचे फोटो आरोपीच्या मोबाइलमध्ये असतातच, पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडले नाही तर ते न्यायालयापुढे टिकत नाहीत. माहिती देणाऱ्यासाठीही तरतूद आहे: कलम ६०अ प्रमाणे न्यायालय दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम गुन्हा उघडकीस आणणाऱ्याला बक्षीस देऊ शकते. आणि खात्याने काहीच केले नाही तर ६० दिवसांची नोटीस देऊन कोणताही नागरिक थेट न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो. ही वाट फार कमी लोक वापरतात.

पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांत चित्र निराळे आहे. माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळावर फासकीपेक्षा कुत्री, बॅटरी आणि जाळी चालतात. ससा, तितर, लावे आणि कधी चिंकारा. मोरासाठी विषारी दाणे. नायलॉनची जाळी तलावाकाठी पहाटेच्या आधी लागतात आणि उजाडल्यावर गुंडाळली जातात, म्हणून दुपारच्या गस्तीला ती कधीच दिसत नाहीत. ढाब्यावर ‘गावरान लावा’ कुजबुजत विकला जातो तेव्हा तो पाळीव जपानी लावा असल्याचे सांगितले जाते. खरेच तसा असेल तर मालकाकडे कुक्कुटपालकाचे बिल असायला हवे. तेवढे एक विचारले तरी पुष्कळ कळते.

बातमीदारांना विनंती एवढीच की जप्तीच्या दिवशी जे विचारता त्यात थोडी भर घाला. फासकी असेल तर कुठल्या गटात लागली होती आणि आजूबाजूला आणखी किती निघाल्या. नमुना कुठल्या प्रयोगशाळेत, कुठल्या तारखेला गेला. तक्रार कलम ५५ खाली दाखल झाली का. जिवंत प्राणी आता कुठे आहे आणि तो खातो आहे का. सहा महिन्यांनी हेच प्रश्न घेऊन पुन्हा एक फोन करावा आणि दोन ओळींचे का असेना, उत्तर छापावे.

आपले,
वन्यजीव बचावकामातील काही वाचक
पाटण (जि. सातारा) व शिराळा (जि. सांगली)

ता. क. – फासकीचा फोटो छापताना गाठ आणि अडकवण याचा जवळून काढलेला फोटो कृपया घेऊ नये. बघून शिकणारेही वाचकच असतात. काढलेल्या तारांचा ढीग आणि शेजारी काडेपेटी, इतका फोटो पुरे. आणि खवले मांजर हातात धरून उभ्या असलेल्या कुणाचाही फोटो नको, मग तो अधिकारी असो वा सर्पमित्र. गुंडाळून घेतलेल्या खवले मांजराला उलगडायला जाऊ नये. झाकणाला भोके पाडलेल्या लाकडी खोक्यात, सावलीत, अंधारात ठेवावे. जाळीत तर मुळीच घालू नये. खवल्यांत जाळी अडकते आणि सोडवताना खवले निखळतात.